आठवडा आधी मोजा: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी वेळेचा आणि ताणाचा हिशेब

"मॅडम, वेळच पुरत नाही." सबमिशनचा आठवडा आला की स्टाफरूमच्या दारात हे वाक्य ठरलेलं. त्यावर मी दोनच प्रश्न विचारते. आठवड्यात अभ्यासाला हातात किती तास येतात? आणि समोरचं काम किती तासांचं आहे? बहुतेकांकडे दोन्हींची उत्तरं नसतात. किती देणं आहे हेच माहीत नसलेली उधारी माणसाला झोपू देत नाही, तसंच या न मोजलेल्या कामाचं होतं. मोजल्यावर काम कमी होत नाही, पण समोर आकडा आला की काय करायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येतं, आणि ठरलं की धास्ती बरीचशी उतरते.

म्हणून या लेखात आधी मोजणं आहे, मग निवडणं. पहाटे चारला उठण्याचा सल्ला यात सापडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नाशिकमधल्या सगळ्या विद्यार्थ्यांना चालेल असं एकच वेळापत्रक कुणी देत असेल तर ते घेऊ नका. कॉलेज रोडला घर असलेली मुलगी, सिन्नर-निफाडहून रोज अपडाऊन करणारा मुलगा, कळवण-सुरगाण्याहून येऊन पंचवटीत तिघांत रूम घेतलेला आणि सातपूरच्या कंपनीत शिफ्ट करून मुक्त विद्यापीठातून पदवी करणारा, या चौघांचे दिवस एकमेकांशी जुळतच नाहीत. पद्धत एक असू शकते, वेळापत्रक ज्याचं त्यानेच करायचं.

पहिली पायरी: १६८ तासांचा कागद

दिवस मोजू नका, आठवडा मोजा. दिवस मोजला की प्रॅक्टिकलचा बुधवार आणि मोकळा रविवार सारखेच वाटायला लागतात. आठवड्याचे तास १६८. त्यातून जे जाणारच आहे ते वजा करत जायचं.

उदाहरण घेऊ. सिन्नरहून येणारा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. झोप रोज साडेसात तास, म्हणजे आठवड्याला साडेबावन्न. कॉलेज सहा दिवस, रोज सहा तास: ३६. प्रवास? विचारलं की तो सांगतो, "तीसच किलोमीटर आहे, मॅडम." पण घरातून निघणं, स्टँडवर गाडीची वाट बघणं, एसटी, मग द्वारकेला उतरून सिटीलिंक किंवा रिक्षा, असं सगळं धरलं तर एका बाजूला दीड तास. रोजचे तीन, सहा दिवसांचे १८. आंघोळ, जेवण, कपडे, घरातली किरकोळ कामं रोज अडीच तास धरा: साडेसतरा. बेरीज १२४. उरले ४४.

चव्वेचाळीस बघून चेहरा खुलतो. मग मी मोबाईल काढायला लावते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' असतं, तिथे आठवड्याचा खरा आकडा मिळतो. अंदाजाने लिहायचं नाही, कारण या बाबतीत प्रत्येकाचा अंदाज स्वतःच्या बाजूने असतो. समजा रोजचे तीन तास निघाले, तर आठवड्याचे २१ गेले. राहिले २३. त्यातले चार-पाच तास पाहुणे, ताप, बंद पडलेली गाडी यांच्यासाठी सोडून द्या. म्हणजे पक्के १८.

अठरा हा आकडा वाईट नाही. पण पाच विषय, जर्नलं, ऑनलाइन कोडिंगचा कोर्स, जिम आणि फेस्टची कमिटी हे सगळं अठरात बसत नाही. आळशीपणाचा इथे संबंध नाही, वजाबाकीचा आहे. रात्री अकराला स्वतःला शिव्या घालत बसणाऱ्या मुलांना मी हा कागद आधी करायला लावते तो याचसाठी.

रूमवर राहणाऱ्यांनी प्रवासाच्या जागी मेसला जाण्या-येण्याचा वेळ, कपडे, पाणी भरणं आणि पार्टनरबरोबरच्या गप्पा प्रामाणिकपणे लिहाव्यात. बारा वाजेपर्यंत चाललेल्या गप्पांचाही आकडा असतो. शिफ्ट करणाऱ्यांना हा कागद दर आठवड्याला नव्याने करावा लागतो, कारण फर्स्ट शिफ्टचा आठवडा आणि नाईटचा आठवडा यांत हाताशी येणारे तासच वेगळे. नाईटच्या आठवड्यात नवा धडा घेऊ नका, झालेल्याचीच उजळणी ठेवा. गोवर्धनजवळ मुख्यालय असलेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं तेच नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. तेव्हा रेग्युलर कॉलेजच्या मित्राशी रोजच्या तासांची बरोबरी करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: डोक्यातलं कागदावर

रविवारी अर्धा तास काढा. डोक्यात घोळणारं प्रत्येक काम, लहान-मोठं न पाहता, लिहून काढा. स्कॉलरशिपचा फॉर्म, मित्राला परत द्यायची वही, दाताचं दुखणं, युनिट तीन, सगळं.

आता प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: कधीपर्यंत, आणि पुढची नेमकी कृती काय. 'जर्नल पूर्ण करणे' हे काम नाही, ती इच्छा आहे. 'प्रयोग ४ चा ग्राफ काढणे, मंगळवारी ऑफ लेक्चरला' हे काम. 'फिजिक्स' लिहून काही होत नाही, 'रोटेशनल डायनॅमिक्सची दहा गणितं पुस्तक न उघडता सोडवणे' लिहिलं की बसल्या बसल्या पेन चालू लागतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये यावर प्रयोग केले होते. अर्धवट राहिलेलं काम मनात सारखं डोकावत राहतं हे तर होतंच, पण काम पूर्ण न करता नुसतं 'कधी, कसं' हे पक्कं ठरवलं तरी ते डोकावणं थांबतं असं त्यांना दिसलं. माझ्या मते या लेखातली सगळ्यात स्वस्त युक्ती हीच.

मग यादीवर तीन खुणा करा: या आठवड्यात करायचं, पुढे ढकलायचं, सोडून द्यायचं. तिसऱ्या खुणेला हात कापतो. सर्टिफिकेटसाठी भरलेले वेबिनार, तीन ग्रुपमधून आलेले पीडीएफ, कुणीतरी 'लई भारी' म्हटलं म्हणून विकत घेतलेला दुसरा क्लास. आठवडाभर ज्याला हात लागला नाही आणि ज्याच्यावाचून काही अडलं नाही, ते काम बहुधा याच खुणेचं असतं. खोडून टाका.

तिसरी पायरी: परीक्षेच्या तारखेपासून मागे या

पुढे जाणारं नियोजन नेहमी फसतं, कारण आजपासून बघितलं की वेळ भरपूर दिसतो. १९९४ मध्ये ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. आपल्याकडे याला संशोधनाची गरजच नाही, 'दोन दिवसांत जर्नल उरकतो' म्हणणारा कुठल्याही वर्गात सापडतो. तेव्हा अंदाज कितीही नीट केला तरी त्याची दीडपट धरा.

एक आखणी करून बघू. समजा पहिला पेपर १ डिसेंबरला आहे आणि आपण १ सप्टेंबरला बसलो आहोत. शेवटचे दहा दिवस नवं काही नाही, फक्त उजळणी आणि जुने पेपर. म्हणजे नवं शिकणं २० नोव्हेंबरला थांबलं. सप्टेंबर ते २० नोव्हेंबर हे साडेअकरा आठवडे होतात. त्यातून गणपती, नवरात्र आणि दिवाळी मिळून अडीच आठवडे काढा, काढावेच लागतात. घरात कालिकेच्या यात्रेची गडबड असेल किंवा चुलतभाऊ सप्तशृंगी गडावर पायी निघाला असेल, तेव्हा 'मी रोज चार तास बसेन' ही थाप असते. राहिले नऊ आठवडे. पाच विषय, प्रत्येकी सहा युनिट, एकूण तीस. आठवड्याला सव्वातीन युनिट. आणि हातात होते आठवड्याला अठरा तास. म्हणजे एका युनिटला जेमतेम साडेपाच तास मिळतात.

आता कळतं की एका युनिटचे पंचेचाळीस मिनिटांचे बारा व्हिडिओ बघणं का परवडत नाही. नऊ तास तिथेच गेले.

सगळ्या युनिटना सारखा वेळ द्यायचा नाही. क्रेडिट बघा. नव्या अभ्यासक्रमात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला पंधरा तासांचं शिकवणं. चार क्रेडिटच्या विषयाला दोन क्रेडिटच्या विषयाइतकाच वेळ दिला तर हिशेब तिथेच चुकला. बारावीच्या मुलांनी हाच नियम सीईटीला लावावा. एमएचटी-सीईटीत साधारण ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो. अकरावी राहिलीच म्हणून जानेवारीत घाबरून ती पहिल्या पानापासून काढणं हा महागडा सौदा आहे.

नाशिकच्या कॅलेंडरमध्ये आणखी काही गोष्टी आधीच लिहून ठेवा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांच्या घरात ऑक्टोबर छाटणी आणि सेमिस्टरच्या परीक्षा हातात हात घालून येतात, आणि जानेवारीपासून काढणी सुरू झाली की बारावीची परीक्षा ऐन हंगामात पडते. बागेत मदत करावी लागणार हे माहीत असेल तर ते तास आधीच वजा करा. मार्चमध्ये रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची असेल तर खुशाल मारा, फक्त तो दिवस आणि दुसरा आळसावलेला अर्धा दिवस कॅलेंडरमधून आधी काढून ठेवा. सिंहस्थ कुंभमेळा तर आलाच आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या दिवसांत पंचवटी, द्वारका, त्र्यंबक रोड भागात ये-जा नेहमीच्या वेळात होईल असं धरून चालू नका. अपडाऊन करणाऱ्यांनी ते आठवडे नोंदवून ठेवावेत.

चौथी पायरी: दिवसाला तीन कामं

रात्री झोपण्याआधी उद्याची तीन कामं लिहा. तीनच. चौथं सुचलं तर आठवड्याच्या यादीत टाका. दहा लिहून चार केली तर रात्री अपयश वाटतं, तीन लिहून तीन केली तर काम तेवढंच होऊनही डोकं शांत असतं. लोकांना हे फसवणुकीसारखं वाटतं. वाटू दे.

तीन कामं दिवसात बसवताना सलग वेळ आणि तुटक वेळ वेगळे धरा. गणितं, डेरिव्हेशन, कोडिंग, दीर्घोत्तरी प्रश्न यांना सलग दीड-दोन तास लागतात. व्याख्या, सूत्रं, आकृत्यांची नावं, सनावळ्या तुटक वेळेत होतात. एसटीत पुस्तक उघडू नका. सिन्नर-नाशिक रस्त्यावर गाडी हलते, डोकं दुखतं आणि अर्ध्या जणांना मळमळतं. त्यापेक्षा निघण्याआधी एका चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहा, खिडकीशी बसून एकेकाचं उत्तर मनात मांडा आणि उतरण्याआधी चिठ्ठी तपासा. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या नोट्स ऐकणंही चालतं. परतीच्या गाडीत काहीच करू नका. दिवसभराचा शीण असतो, डोळे मिटून बसा. घरी गेल्यावरही पहिली वीस मिनिटं चहा आणि गप्पांची.

ऑफ लेक्चर सगळ्यात जास्त वाया जातो. कॅन्टीनचा एक, लायब्ररीचा एक असं आधीच ठरवून टाकलं की मित्रांशी रोज वाद घालावा लागत नाही. घरी जागा नसेल, लहान भावंडं असतील, टीव्ही अखंड चालू असेल तर अभ्यासिका बघा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी, सिडको या भागांत खासगी अभ्यासिका बऱ्याच आहेत. शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे, नाशिककर त्याला 'सावाना' म्हणतात. अभ्यासिकेबद्दल एक खटकणारी गोष्ट सांगते. सकाळी आठला बॅग ठेवून जागा धरायची, अकराला टपरीवर, एकला जेवायला, चारला पुन्हा टपरीवर, आणि घरी फोन, "बारा तास बसलो होतो." खुर्चीचे तास आणि अभ्यासाचे तास वेगळे मोजा. वहीच्या मागच्या पानावर बसलो ती वेळ आणि उठलो ती वेळ लिहायची, बस्स.

बसल्यावर मन लागत नसेल तर पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी ही पद्धत करून बघा. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली, म्हणून तिचं नाव 'पोमोडोरो', इटालियनमध्ये टोमॅटो. सुरुवात करायला ती फार चांगली आहे. एकदा गणितात गुंतलात की मात्र घंटेसाठी उठू नका.

पाचवी पायरी: कमी वेळात पक्कं होईल असा अभ्यास

वेळेचं नियोजन कितीही केलं आणि अभ्यास म्हणजे पिवळ्या हायलायटरने पान रंगवणं असेल, तर अठराचे छत्तीस तास केले तरी पुरणार नाहीत.

पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा होतो, पाठ होत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे नीट दाखवलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सरासरी ५६ टक्के होतं, वाचणाऱ्यांच्या ४२. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून दुसऱ्या गटात बसा.

करायचं असं. युनिटमधला एक मुद्दा वाचला की पुस्तक मिटा. कोऱ्या पानावर आठवेल ते मुद्दे, आकृती, सूत्र लिहा. पुस्तक उघडा, राहिलेलं लाल पेनाने भरा. लाल जिथे जास्त, तिथेच पुढच्या वेळी आधी जायचं. हे पान टाकू नका, उजळणी त्यावरच होते: त्याच रात्री दहा मिनिटं, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग महिन्याने. शिकलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात वेगाने विसरतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून नोंदवलं होतं. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री. ती चुकली तर चौथ्या दिवशी जवळजवळ पुन्हा शिकावं लागतं.

जुने पेपर शेवटच्या आठवड्यात काढायचे असतात हा गैरसमज आहे. युनिट सुरू करण्याआधी त्यावरचे मागच्या चार-पाच वर्षांचे प्रश्न एकदा वाचा, काय विचारतात ते कळतं आणि साडेपाच तास कुठे घालायचे तेही. लेखी परीक्षेला एक तरी पेपर पूर्ण वेळ लावून हाताने लिहा. टायपिंगच्या सवयीने हात दुसऱ्या तासालाच भरून येतो.

मोबाईल आणि झोप

मोबाईलबद्दल सगळं सांगून झालंय, म्हणून थोडक्यात. खिशात नको, टेबलावर उलटा नको, दुसऱ्या खोलीत. रूमवर दुसरी खोलीच नसेल तर बंद करून पार्टनरच्या बॅगेत. कॉलेजच्या ग्रुपवरचे निरोप दिवसातून दोनदा बघितले तरी काही बिघडत नाही, तातडीचं असेल तर मुलं फोन करतात.

झोपेवर मात्र भांडायची माझी तयारी आहे. 'नाईट मारली' हे मुलं अभिमानाने सांगतात. दिवसा शिकलेलं मेंदूत नीट बसतं ते झोपेत, म्हणजे नाईट मारणारा ज्यासाठी जागतो तेच कच्चं ठेवतो. अठरा वर्षांपर्यंत आठ ते दहा तास आणि त्यापुढे सात ते नऊ तास झोप लागते. रोज पाच तास झोपून रविवारी अकरापर्यंत लोळल्याने ती भरून येत नाही, उलट रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारची गाडी चुकते. उठण्याची वेळ सातही दिवस जवळपास एकच ठेवा, झोपण्याची वेळ आपोआप जागेवर येते.

चहा-कॉफीचंही गणित बघा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या कडक कॉफीतलं निम्मं रात्री बाराला अजून आत असतं. पाचनंतर बंद. आणि अंथरुणात पडल्यावर उद्याचे विचार येत असतील तर मघाची तीन कामांची यादी इथेही कामाला येते. २०१८ मधल्या एका अभ्यासात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली होती.

ताण अंगात उतरतो तेव्हा

थोडा ताण हवाच. येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये मांडलेलं सूत्र अजून सांगितलं जातं: ताण अगदी नसेल तर कामात जीव लागत नाही, फार झाला तर काम बिघडतं. प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. छातीत धडधड, हाताला घाम, पान समोर असून अक्षर न दिसणं.

अशा वेळी मनाला 'शांत हो' म्हणून ते ऐकत नाही, श्वासाचं ऐकतं. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत हळू सोडा. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. पाच मिनिटं पुरेत, आणि हे परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर वाटत असतानाही कुणाच्या लक्षात न येता करता येतं. सवय मात्र आधीच्या आठवड्यांत हवी, पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. पेपर हातात आल्यावर पहिला प्रश्न अडला तर त्यावर खुणेचा ठिपका देऊन पुढे जा. येणारा एक प्रश्न लिहून झाला की हात सैल होतो.

रोजच्यासाठी चालणं. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, गोदाकाठ, जे जवळ असेल ते, अर्धा तास, कानात लेक्चर न लावता. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या. आणि मेसचा डबा आवडत नाही म्हणून दोन्ही वेळ वडापाववर काढू नका. संध्याकाळची अर्धी चिडचिड भुकेची असते.

घरच्यांशी कसं बोलायचं

ताणाचा मोठा हिस्सा पुस्तकातून येत नाही, घरातून येतो. "शेजारच्याचा नंबर लागला बघ." "एवढी फी भरलीय." 'मला स्ट्रेस आलाय' हे वाक्य बऱ्याच घरांत पोचत नाही, "आमच्या वेळी नव्हता कसला स्ट्रेस" असं उत्तर येतं. तारीख आणि वेळ मात्र शेतकऱ्यालाही कळते आणि कंपनीत जाणाऱ्यालाही. म्हणून मागणी तशीच मांडा: "पप्पा, २० नोव्हेंबरपर्यंत रविवारी सकाळी मी बागेत येतो, पण संध्याकाळी पाच ते आठ मला कुणी हाक मारू नका." आईला सांगायचं असेल तर, "आई, या महिन्यात दोन लग्नं आहेत, एकाला येते, हळदीला नाही येत." काय करणार आहे ते आधी, काय नाही ते नंतर. असं सांगितलं की निम्मे वाद होतच नाहीत.

निकाल वाईट लागण्याची शक्यता असेल तर ती आधी सांगा. एटीकेटी लागल्यावर कळण्यापेक्षा लागू शकते हे दोन महिने आधी कळलेलं घर जास्त शांत असतं. पाहुण्यांच्या "किती टक्के पडले?" ला "बघू, काका, चाललंय" एवढं उत्तर पुरतं. सविस्तर खुलासा देणं लागत नाही.

गाडी सुटलीच असेल तर

वरचं काहीच केलं नाही, पेपरला आठ दिवस आहेत आणि चार युनिट कोरी आहेत. आता सुंदर वेळापत्रक रंगवत बसू नका, तो अभ्यास टाळण्याचा सगळ्यात नीटनेटका प्रकार आहे. जुने पेपर घ्या, युनिटांचे तीन ढीग करा: थोडंफार येतं, येत नाही पण दरवर्षी विचारतात, येत नाही आणि क्वचित विचारतात. पहिल्या ढिगापासून सुरुवात करा, कारण तिथे तासाला सर्वांत जास्त मार्क मिळतात. मग दुसरा. तिसऱ्याला हातच लावू नका. पहिले पाच दिवस शिकणं, पुढचे दोन उजळणी, शेवटच्या रात्री नवं एक ओळही नाही. बॅकलॉगचा विषय असेल तर चालू सेमिस्टरच्या अठरा तासांतले चार त्याला आतापासूनच बांधून द्या, 'सुट्टीत बघू' म्हटलेला बॅकलॉग सुट्टीत निघत नाही.

वेळापत्रकाने सुटणार नाही असं काही असेल तर

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली आहे किंवा सारखं झोपूनच राहावंसं वाटतं, जेवण जात नाही, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, कारण नसताना रडू येतं, किंवा आपण नसलो तर बरं असं वाटू लागलं आहे, तर तो नियोजनाचा प्रश्न राहिलेला नाही. ताप अंगावर काढत नाही तसं हेही काढायचं नाही. कॉलेजमध्ये समुपदेशक असेल तर तिथे जा, नसेल तर ज्यांच्याशी बोलता येतं त्या सर-मॅडमना गाठा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर असतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मी विद्यार्थी आहे, इतके दिवस झोप नाही, काय करू कळत नाही" एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतात.

आणि रूम पार्टनरचं असं काही दिसलं, तो मेसला यायचा बंद झाला, वस्तू वाटायला लागला, 'आता काय उरलंय' असं बोलायला लागला, तर त्याला सल्ला देत बसू नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, नंबर तुम्हीच लावून फोन त्याच्या हातात द्या, आणि त्याने नको म्हटलं तरी त्याच्या घरी कळवा.